मोठी हार्ड डिस्क मधेच का रखडते?

प्रश्न : मी समारंभांचं फोटो आणि व्हिडिओ शूटिंग करतो. चार लहान हार्ड डिस्क भरल्या म्हणून डेस्कटॉपमध्ये ८ टीबीची एकच मोठी डिस्क बसवली. कॉपी सुरू केली तेव्हा सेकंदाला १८० एमबी वेग होता. नंतर तो २०-३० वर आला, मधूनमधून शून्यावरही जातो. शिवाय विंडोजमध्ये जागा ७.२७ टीबीच दिसते. डिस्क खराब निघाली का? जुन्या चार डिस्क पुसून विकायचा विचार आहे.

उत्तर : आधी शेवटच्या वाक्याबद्दल. त्या चार डिस्क कृपया पुसू नका. का, ते पुढे सांगतो.

जागा कमी दिसते त्यात फसवणूक नाही. कंपनी ८ टीबी म्हणजे ८ लाख कोटी बाइट मोजते. विंडोज दर टप्प्याला १०००ऐवजी १०२४ने भागते, म्हणून तेवढेच बाइट ७.२७ दिसतात.

वेगाचं दुखणं निराळं आहे. तुम्ही सांगता ती लक्षणं एसएमआर पद्धतीच्या डिस्कची वाटतात. कमी तबकड्यांत जास्त जागा बसवण्यासाठी या पद्धतीत डेटाचे ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. वाचणारं हेड अरुंद असल्याने वाचायला काहीच अडचण येत नाही. लिहिणारं हेड रुंद असतं. मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही बिघडतात, म्हणून त्या पट्ट्यातले पुढचे सगळे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. हे लांबवण्यासाठी डिस्क आलेला डेटा आधी एका राखीव भागात भराभर उतरवून घेते आणि निवांत वेळ मिळाला की जागच्या जागी लावते. तुम्ही तिला निवांतपणा दिलाच नाही. राखीव भाग भरला आणि आलेला माल घेणं व जुना लावणं ही दोन्ही कामं एकदम अंगावर पडली. हजारो लहान फाइल असल्या की हे लवकर होतं. मोठे सलग व्हिडिओ त्यामानाने सुरळीत जातात.

तरी खात्री करून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडा आणि ०५, सी५ आणि सी६ या खराब जागांची मोजणी देणाऱ्या ओळींतले शेवटच्या रकान्यातले आकडे बघा. तिन्ही शून्य असतील तर पृष्ठभाग ठीक आहे. सी५ शून्याच्या वर असेल तर काही जागा वाचता येत नाहीयेत. नवीन डिस्कमध्ये हे चालवून घेऊ नका, सरळ परत करा. सी७ (डेटा येता-जाता झालेल्या चुकांची मोजणी) वाढत असेल तर आधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदलून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. कानही द्या. हेड फिरतानाची हलकी कुरकुर मोठ्या डिस्कला असतेच. ठरावीक अंतराने तोच टक्-टक् आवाज येऊन डिस्क दिसेनाशी होत असेल तर संगणक लगेच बंद करा.

डिस्क ठणठणीत निघाली तर ती ठेवा, पण काम नेमून द्या. झालेल्या समारंभांचं सामान एकदा लिहायचं आणि लागेल तेव्हा वाचायचं, याला ती उत्तम आहे. कॉपी टप्प्याटप्प्याने करा. रात्री संगणक स्लीपमध्ये न घालता चालू सोडा, म्हणजे तिचं आवरणं उरकेल. चालू एडिटिंग, फोटोंचा कॅटलॉग आणि प्रोग्रॅम मात्र एसएसडीवरच (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कवरच) हवेत. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी साडेपाच; हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. लहान लहान फाइलच्या कामात हे फार जाचतं. डिस्क भरत जाईल तसा सलग वेगही उतरेल, कारण आतल्या ट्रॅकवर एका फेरीत कमी डेटा मावतो. अगदी आतल्या कडेला तो जवळपास निम्मा होतो. तो बिघाड समजू नका.

रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकीसारख्या वापरण्याच्या रचनेत, मात्र ही डिस्क घालू नका; एक डिस्क बदलून पुन्हा बांधणी करताना ती फार रखडते. नॅससाठीच्या (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणपेटीसाठीच्या) डिस्कमध्येही ही पद्धत न सांगता वापरल्यावरून २०२०मध्ये गदारोळ झाला, तेव्हा वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिघांनी कोणत्या मॉडेलमध्ये एसएमआर आहे ते जाहीर केलं. पुढची डिस्क घेताना मॉडेल क्रमांक पडताळून ती सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या पद्धतीची, असल्याची खात्री करा.

आता त्या चार डिस्क. मोठ्या डिस्कचा खरा तोटा वेग नाही. आजवर एक डिस्क गेली असती तर तुमचं पाव काम गेलं असतं, आता सगळं जाईल. दुसऱ्याच्या घरचा समारंभ पुन्हा शूट करता येत नाही, म्हणून मी हे कळकळीने सांगतो आहे. त्या चार डिस्क हीच तुमची दुसरी प्रत. लेबलं लावा, संगणकापासून दूर, शक्यतो दुसऱ्या जागी ठेवा आणि अधूनमधून जोडून फाइल उघडतात ना ते पाहा. नवीन कामाचीही दुसरी प्रत झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.

प्रश्न : ४ टीबीची डिस्क जुन्या संगणकाला जोडली, पण २ टीबीच वापरता येते. बाकीची जागा कुठे गेली?

उत्तर : डिस्क एमबीआर पद्धतीने, म्हणजे डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीने, तयार केली असणार. ५१२ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे सर्वांत लहान कप्पे) धरले तर त्या पद्धतीत साधारण २.२ टीबीपर्यंतच हिशेब पोहोचतो; विंडोजच्या मोजणीत ते २ दिसतात. डेटा दुसरीकडे हलवा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सगळी पार्टिशन काढून जीपीटी ही नवी पद्धत निवडा. यात डिस्कवरचं सगळं जातं. त्याच डिस्कवरून विंडोज सुरू करायचं असेल तर मदरबोर्डला यूईएफआय (संगणक सुरू करणारी, जुन्या बायॉसच्या जागी आलेली प्रणाली) लागेल. नुसत्या साठवणुकीला नाही.