हृदयाची झडप बदललेल्या बाईला घरी पाठवताना

प्रिय मुली,

डिस्चार्ज कार्ड आता तू समजावणार आहेस. त्यावर औषधं असतात, पण घरी पाणी कोण भरतं हे नसतं. ते आधी विचार. छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली बादलीच १५ किलोंची होते. एकट्या तिला सांगितलंस तर मान डोलावेल आणि घरी जाऊन हंडा उचलेल. नवऱ्याला, सासूला समोर बसवून सांग. मूल कडेवर नाही, लोकलच्या कडीला लटकणंही नाही.

स्तनांच्या वजनाने टाके ओढले जातात. पुढून उघडणारी, बिनतारेची सुती ब्रेसियर घालायला सांग. मुंबईच्या घामात स्तनांखालची घडी कोरडी राहिली पाहिजे. राउंडवर हे कुणी बोलत नाही, तू बोल.

मेकॅनिकल (कृत्रिम, यांत्रिक) झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी, म्हणजे वॉरफेरिन, जन्मभर. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीचा आकडा, साधारणपणे मायट्रल झडपेला २.५ ते ३.५, एओर्टिक झडपेला २ ते ३. तिच्यासाठी ठरलेला आकडा कार्डावर ठळक लिही. एक दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मेथी-पालक बंद नको, प्रमाण मात्र दर आठवड्याला सारखं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन नाही.

आता पाळीचं. हे पडदा ओढून, सासू बाहेर असताना बोल. या गोळीने अंगावरून जास्त जातं. घाबरून बाई स्वतःच गोळी बंद करते आणि झडपेवर गुठळी धरते. म्हणून स्पष्ट सांग : तासाला पॅड भिजला तर लगेच ये, पण गोळी मनाने थांबवू नकोस. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात यायचं, कारण वॉरफेरिनचा गर्भाला मोठा धोका ६ ते १२ आठवड्यांत असतो. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या; पर्याय डिस्चार्जआधीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ठरवून घे.

संधिवाताच्या तापाने झडप खराब झाली असेल तर ती बदलली तरी पेनिसिलिन चालूच राहतं. दात काढण्याआधी अँटिबायोटिक. ताप १००.४ च्या वर गेला, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर वाट पाहायची नाही.

कोकणातली, घाटावरची बाई असेल तर तिच्या तालुक्यात आयएनआर कुठे होतो ते फोन करून विचार. पहिल्या तपासणीची तारीख, जागा आणि सोबत कोण येणार, एवढं लिहिल्याशिवाय कार्ड हातात देऊ नकोस.

तुझी,
इन्चार्ज सिस्टर