तंत्रप्रश्न : मोडेमचे पत्ते आणि डीएचसीपी

प्रश्न : भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात पंपाच्या पॅनेलमध्ये सिमकार्डावर चालणारा औद्योगिक मोडेम आहे. वीज जाऊन आली की पीएलसीशी (पंप चालवणाऱ्या नियंत्रकाशी) संपर्क कधीकधी तुटतो. डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी मोडेममधील सोय) बंदच करावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बंद करण्याची गरज नाही, आधी पत्त्यांची वाटणी तपासावी. पीएलसीला हाताने १९२.१६८.१.१० हा पत्ता दिलेला असेल आणि डीएचसीपीचा पट्टा १९२.१६८.१.२ पासून सुरू होत असेल, तर वीज आल्यावर आधी चालू झालेला एखादा कॅमेरा नेमका तोच पत्ता पटकावू शकतो आणि एका पत्त्यावर दोन दावेदार उभे राहतात. पट्टा शेवटच्या आकड्यात १०० ते १५० असा आखून पीएलसी व एचएमआय (चालकासमोरचा पडदा) यांचे पत्ते त्याबाहेर ठेवावेत. पीएलसीत गेटवे (बाहेरच्या जाळ्याकडे जाण्याचे दार) म्हणून मोडेमचाच पत्ता भरावा. तो रकाना रिकामा राहिला, तर पॅनेलशेजारी बसून सारे सुरळीत दिसते, पण बाहेरून आलेल्या विनंतीचे उत्तर बहुधा परत जात नाही.

सिमला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर तो कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातला असतो, बाहेर दिसणारा सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत सामायिक असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची विनंती ठरावीक उपकरणाकडे वळवण्याचा) खटाटोप व्यर्थ ठरतो. तेथे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट) किंवा सिम देणाऱ्या कंपनीकडून घेतलेला स्थिर सार्वजनिक पत्ताच हवा. व्हीपीएन घेतल्यास, कार्यालयातही १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर पत्त्यांची गल्लत टाळण्यासाठी पॅनेलची मालिका बदलून १९२.१६८.५० करावी.