घरात रोज पवित्र शास्त्र (बायबल) वाचायची सवय कशी लावावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. वाचनाची वेळ कोणती ठेवावी, सुरुवात कुठून करावी, आणि चौदा वर्षांचा मुलगा उपासनेतून उठून जातो त्याचं काय करावं. पहिल्या दोन्हींचं थोडक्यात सांगते, कारण मला बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल.

घरातली जास्तीत जास्त माणसं एकत्र असतात ती वेळ धरा. आम्ही गोव्यात वास्कोत राहतो. शेजारी सगळी कॅथलिक घरं, संध्याकाळी त्यांचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असतो. आमचं वाचन रात्रीच्या जेवणानंतर, ताटं उचलायच्या आधी. एकदा ताटं उचलली की माणसं पांगतात. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा, येशूच्या त्या चरित्रात सोळाच अध्याय आहेत. वर्षभरात सगळं शास्त्र संपवायचे तक्ते मिळतात, ते घरच्या वाचनाला घेऊच नका. १,१८९ अध्याय म्हणजे रोज तीनाहून जास्त झाले. मुलं लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत गळून जातात आणि मग मोठी माणसंही.

आता मुलाचं. तो उठून का जातो याचं कारण तुम्हीच प्रश्नात लिहून ठेवलंय. ‘त्याच्या वागण्याला लागू पडतील अशीच वचनं निवडते,’ असं तुम्ही म्हणता. हे आजपासून बंद करा.

माझे मोठे दीर वेर्ण्याला नोकरीला लागले तेव्हा एक पावसाळा आमच्याकडे राहिले होते. माणूस प्रार्थनेचा, अर्धं शास्त्र तोंडपाठ. आमचे हे बंदरात पाळीवर जातात, रात्री बहुतेक घरी नसत. आल्या आठवड्यातच भाऊजींनी उपासना आपल्या हातात घेतली. घरातल्या कर्त्या पुरुषाने वाचायचं, इतरांनी ऐकायचं, अशी त्यांची पद्धत. त्यात दिवसभरात ज्याचं काही चुकलं असेल त्याच्यासाठी त्या रात्री अध्याय ठरलेला. मुलाला गणितात कमी गुण पडले की नीतिसूत्रे या पुस्तकाचा ६वा अध्याय, आळशाने मुंगीकडे जाऊन शिकावं ते. मी मंडळीच्या (चर्चच्या) सभेला गेले नाही की माझ्यासाठीही काहीतरी निघायचंच. मुलगा जेवणाच्या वेळेला मित्राकडे अभ्यास काढायला लागला. मुलगी बसायची, पण मान वर करायची नाही.

एका रात्री पावसात बस अडकली आणि मुलगी क्लासवरून उशिरा आली. पोरगी भिजलेली, केससुद्धा पुसले नव्हते. भाऊजींनी नीतिसूत्रे ७ उघडलं. त्या अध्यायातली बाई तरुणाला नादी लावणारी व्यभिचारिणी आहे, आणि ‘तिचे पाय घरी टिकत नाहीत’ हे तिथे तिच्याबद्दल लिहिलंय. पंधरा वर्षांच्या पोरीसमोर ते मोठ्याने वाचलं गेलं. मी त्यांच्या हातातून शास्त्र घेतलं आणि मिटलं. थोरल्या दिरासमोर मी असं कधी वागले नव्हते. परत तशी वेळ आली तर परत तेच करीन.

दुसऱ्या दिवशी मी लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात खूण घातली आणि सांगितलं, आजपासून क्रमाने वाचायचं. पुढचा अध्याय जो येईल तोच, आणि वाचणारा रोज वेगळा. भाऊजी म्हणाले, घरात पुरुष असताना बायका-मुलांनी उपासना चालवायची नसते. मी त्यांना प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र दाखवलं. पौल तीमथ्याच्या विश्वासाबद्दल बोलताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो, बापाचं घेत नाही. बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता, एवढंच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कळतं. बालपणापासून त्या मुलाला शास्त्र माहीत होतं, ते या दोघींच्या घरात. भाऊजी म्हणाले, तो अपवाद. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वाचन क्रमाने चाललं. तिसऱ्या अध्यायातली वंशावळ मुलाने अडखळत, पण न वगळता वाचली. पुढे पंधरावा अध्याय आला तोही त्याच्याच वाट्याला. त्यात उधळ्या मुलाची गोष्ट आहे: पैसे उडवून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो आणि मोठा भाऊ रागाने बाहेरच थांबतो. ती संपली तरी तो पान उलटेना. त्याने विचारलं, ‘मग तो मोठा भाऊ आत गेला की नाही?’ तिथे तसं लिहिलेलंच नाही. बाप अंगणात येऊन त्याची समजूत घालतो आणि गोष्ट थांबते. मुलगी म्हणाली गेला असेल, मुलगा म्हणाला नसेल गेला, त्याचा राग खरा होता. दोघं खूप वेळ बोलत होती, मी मध्ये पडले नाही. भाऊजी उठताना म्हणाले, ‘हे तू मुद्दाम लावलंस.’ मी खूण दाखवली. आजही नाताळला मिरजेला जमलो की ते सांगतात, सूनबाईने माझं तोंड बंद केलं. त्यांनी हेही सांगावं की मुलगा त्यानंतर मित्राकडे गेला नाही. तो आता पुण्याला शिकतो आणि फोनवर आपण होऊन विचारतो, तुमचं कुठवर आलंय?

वडिलांनी मुलांना शिकवूच नये असं मी म्हणत नाही. पण ज्या इफिसकरांस पत्रात आईबापांची आज्ञा पाळा असं आहे, तिथेच लगेच खाली बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. हे दुसरं वचन घरोघरी कमी वाचलं जातं. मुलाला बोलायचं असेल तर दुपारी, तोंडावर, स्वतःच्या शब्दांत बोला.

आता क्रमाने म्हटलं तरी तुमची धाकटी नऊ वर्षांची आहे. शास्ते या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एका बाईवरच्या अत्याचाराची क्रूर हकिकत आहे, ती तिच्यासमोर वाचू नका, पुढे जा. स्तोत्र ११९ एका बैठकीत उरकू नका. १७६ वचनं आहेत, आठ-आठचे बावीस भाग पाडलेलेच आहेत, रोज एक घ्या. तुम्ही कॅथलिक असाल तर मिस्साची (चर्चमधल्या रोजच्या उपासनेची) वाचनं ठरलेली असतात, तीच घरी घ्या. निवड तुमच्या हातात राहत नाही, माझं काम झालं. आणि तुमचे यजमानही पाळीवर असतात असं लिहिलंय, तर त्यांची वाट बघत वाचन अडवू नका. त्यांना आजचा अध्याय कळवा, ते तिथे वाचतील.