फाइल आहे तोवर मागा: कोरोनाकाळाच्या हिशेबाचे प्रश्न

कोरोनाचं नाव काढलं की लोक आता विषय बदलतात, पण या सदराकडे येणारी पत्रं काही थांबलेली नाहीत. निवडणूक जवळ आली की गावात कोणाला तरी २०२० ची सॅनिटायझरची बिलं आठवतात. कुठे वाटणीची कागदपत्रं काढताना हॉस्पिटलची पावती हाती लागते. सांगली-सातारा पट्ट्यातल्या पत्रांत घोळ तेच ते आहेत, म्हणून एकत्र उत्तरं देतो. आधी लेखापरीक्षणात नोकरी आणि मग वकिली, असा माझा प्रवास. कागद न बघता ठाम सल्ला देण्याची सवय मला दोन्हीकडे लागली नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आमच्याकडच्या सरकारी रुग्णालयात पीएम केअर्समधून व्हेंटिलेटर आले होते. त्यांचा हिशेब त्या निधीकडे माहिती अधिकारात मागता येईल का? (कराड)

त्या निधीकडे नाही. तो सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकार कायदा लागू होणारी संस्था, नाही, अशी भूमिका केंद्राने दिल्ली उच्च न्यायालयात घेतली आहे. यंत्रं ज्या रुग्णालयात उतरली तिथल्या साठा नोंदवहीत त्यांची नोंद असते आणि दुरुस्तीचा पत्रव्यवहारही तिथेच असतो. अर्ज तिथे करा.

माझे पती मे २०२१ मध्ये कोरोनाने गेले. सरकार चार लाख देणार असा नवा जीआर निघाला आहे, असं एक एजंट सांगतो. फॉर्म भरायचे तीन हजार मागतो. द्यावेत का? (जत)

एक रुपयाही देऊ नका, ताई.

चार लाखांची गोष्ट हवेतून आलेली नाही, म्हणूनच ती खपते. १४ मार्च २०२० रोजी केंद्राने कोरोनाला आपत्ती मानून मृतांच्या वारसांना चार लाख देण्याचं पत्र काढलं आणि त्याच दिवशी सुधारित पत्र काढून ती तरतूद वगळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२१ च्या निकालाने सानुग्रह मदत द्यावीच लागेल हे ठरलं, रक्कम ठरवण्याचं काम राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर सोपवलं गेलं, आणि त्यांनी ती ५० हजार ठरवली. एजंट लोक त्या पहिल्या पत्राचा फोटो अजून फिरवतात.

ते ५० हजार तुम्हाला मिळाले की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिळाले नसतील तर अडचण मुदतीची आहे. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी न्यायालयाने २४ मार्च २०२२ पासून ६० दिवस दिले होते. खऱ्या अडचणीमुळे ज्यांना मुदतीत अर्ज करता आला नाही, त्यांना तक्रार निवारण समितीकडे जाण्याची वाट त्याच आदेशात ठेवली आहे. एवढ्या उशिरा अर्ज मान्य होईलच असं मी म्हणणार नाही. चाचणीचा अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रं आणि उशिराचं कारण घेऊन आधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खोटा दावा मात्र कोणी सुचवला तरी करू नका. ज्या चार राज्यांतले पाच टक्के दावे तपासायला न्यायालयाने परवानगी दिली, त्यांत महाराष्ट्र होता.

मुलं अठराच्या आतली असतील तर बालसंगोपन योजनेचं महिला व बालविकास कार्यालयात विचारा. एका मुलामागे महिना २,२५० रुपये असतात. एजंट याबद्दल बोलत नाहीत, कारण त्यात त्यांना काही सुटत नाही.

वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही. आकडा लपवायला नगरपालिकेने मुद्दाम काढलं का? (विटा)

नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच तरतूद आहे की मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापायचं नाही. कारण डॉक्टरने भरलेल्या वेगळ्या प्रमाणपत्रात असतं, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरच्या मृत्यूसाठी ४ अ. ते बघा आणि मगच आरोप करा.

आमच्या ग्रामपंचायतीने २०२०-२१ मध्ये फवारणी, ऑक्सिमीटर, विलगीकरण कक्ष यावर बराच खर्च दाखवला. माहिती मागितली तर उत्तर आलं, ‘पाच वर्षे झाली, अभिलेख उपलब्ध नाही.’ आता काही करता येत नाही का? (तासगाव तालुका)

येतं. पण घाई करा. हाच प्रश्न तालुका बदलून माझ्याकडे सारखा येतो आहे, आणि ‘बघू निवडणुकीनंतर’ म्हणणाऱ्यांचा मला आता राग येतो.

सरकारी कागदाला वय असतं. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षांचे, ‘क’ १० वर्षांचे, ‘क-१’ पाच वर्षांचे, ‘ड’ एका वर्षाचे. कोरोनाकाळातल्या कागदांपैकी जे ‘क-१’ मध्ये टाकले गेले, त्यांची पाच वर्षं भरली किंवा भरत आली आहेत. म्हणजे गावागावांत ज्या हिशेबाबद्दल चावडीवर भांडणं झाली, तो हिशेब कोणी चौकशी न करता, कोणाला दोष न देता, नियमाने रद्दीत जाऊ शकतो. चोरी पकडली न जाण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

‘उपलब्ध नाही’ हे मात्र कायद्यात बसणारं उत्तर नाही. कागद एक तर आहे, किंवा रीतसर नष्ट केला आहे, किंवा गहाळ आहे. नष्ट केला असेल तर कोणत्या वर्गातला, कोणत्या तारखेला, कोणाच्या मंजुरीने, ही यादी असावीच लागते. तीच मागा. यादी नसेल तर प्रकरण गंभीर होतं, कारण महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे कागद बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या अपिलात या कायद्याचं नाव नीट लिहा. कपाटातून फाइल सापडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. शिवाय ज्या खर्चावर लेखाआक्षेप आहे, त्याची प्रमाणकं (व्हाउचर) आक्षेप निकाली निघेपर्यंत नष्ट करता येत नाहीत. म्हणून त्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आधी मिळवा. आक्षेप असेल तर पाच वर्षांचं कारण तिथेच संपतं.

अर्ज कसा करायचा तेही सांगतो, कारण आलेले अर्ज वाचून डोकं धरायची वेळ येते. ‘कोरोनाकाळातील सर्व भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ असा अर्ज फेटाळला जाणारच. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एक विषय आणि दीडशे शब्द एवढीच जागा आहे. आरोप करू नका, ‘का’ विचारू नका, कागदाचं नाव लिहा. सामान्य रोकड वही म्हणजे नमुना ५, उपभोग्य वस्तूंची साठा नोंदवही म्हणजे नमुना १५, खरेदीची दरपत्रकं, प्रमाणकं आणि मासिक सभेचे ठराव, एवढं एका आर्थिक वर्षापुरतं मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. त्याहून चांगलं म्हणजे अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी मागा. पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत, आणि झेरॉक्समध्ये न दिसणारी खाडाखोड डोळ्यांना दिसते. रोकड वहीत शंभर ऑक्सिमीटर आणि साठा वहीत चाळीस, असं निघालं तर तुम्हाला भाषणाची गरज उरत नाही.

ग्रामसेवकाची वाट न बघताही एक गोष्ट करता येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून केलेले बरेचसे खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतात. आजच बघून छापील प्रत काढा. आणि २०२० च्या उन्हाळ्यात चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीवरच्या व्याजातून ‘आर्सेनिक अल्बम ३०’ च्या गोळ्या घ्यायचं ठरलं होतं, तेही जिल्हा परिषदेत विचारा. गोळ्यांनी कोरोना थांबतो का हे डॉक्टर सांगतील. व्याज किती गेलं, बाटल्या किती आल्या आणि पोच कोणी सही केली, हे हिशेबाने सांगावं.

अपहार झाला असं मी म्हणत नाही. टाळेबंदीत बिल न मिळता सामान आणावं लागलेले प्रामाणिक सरपंचही होते, आणि त्यांनाही त्यांचे कागद जपलेले हवेत. विसंगती निघाली तर गावात फलक लावण्याआधी वकिलाला दाखवा. अब्रूनुकसानीचा दावा ओढवून घेतलेले दोन-तीन उत्साही तरुण याच तालुक्यातले आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये खासगी रुग्णालयाने साडेचार लाख बिल केलं. सरकारी दर चार हजार होता, मग फरक परत मिळेल का? (मिरज)

राज्याच्या २१ मे २०२० च्या आदेशात दिवसाचे दर होते: साधा वॉर्ड ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तुमचे रुग्ण कुठल्या खाटेवर किती दिवस होते, त्यावर हिशेब ठरतो. महागडी औषधं आणि पीपीई किट त्या दरात धरलेलं नव्हतं, ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कोणी लिहित नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं असते. कोरोनाकाळातला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा अवधी सर्वोच्च न्यायालयाने वगळला, तरी तुमची मुदत उलटून गेली आहे. उशीर माफीचा अर्ज जोडावा लागेल आणि त्याला सबळ कारण लागेल. त्या वेळी बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले होते. तुमच्या बिलाचा तपासणी अहवाल आहे का, हे आधी शोधा. तो नसेल तर खर्चात पडण्यापूर्वी ग्राहक कायद्यातल्या वकिलाचं मत घ्या.

तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी ऑक्सिजनचं नियोजन केलं नाही, त्यांच्यावर वैयक्तिक खटला भरता येईल का? (सातारा)

सहसा नाही. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, दोन्हींत सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी फौजदारी खटल्यापूर्वी सरकारची मंजुरी लागण्याची तरतूदही आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २१८. चुकीचा निर्णय आणि वाईट हेतूचा निर्णय यांत कायदा फरक करतो, आणि हेतू सिद्ध करायला पुन्हा कागदच लागतो. बैठकांची इतिवृत्तं, मागणीपत्रं आणि पुरवठ्याच्या नोंदी मागा. त्यानंतरही दम असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, मुंबईची वारी वाचली. याचिका स्वतः लिहू नका.

टाळेबंदीत दुकान उघडं ठेवल्याची, सरकारी आदेश मोडल्याच्या कलम १८८ ची केस आहे. सरकारने सगळ्या केसेस मागे घेतल्या ना? (इस्लामपूर)

घोषणेने केस संपत नाही. सरकारी अभियोक्ता न्यायालयात अर्ज करतो, न्यायालय परवानगी देतं, मग ती संपते. ई-कोर्ट संकेतस्थळावर तुमच्या केसची स्थिती बघा. तुमच्या वकिलाने हेही तपासावं की लोकसेवकाची लेखी तक्रार होती का, कारण तिच्याशिवाय या कलमाची दखलच घेता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात खरे मृत्यू किती झाले, हे सामान्य माणसाला कळू शकतं का? (पलूस)

चांगला प्रश्न. व्हॉट्सअॅपवरचे आकडे सोडून द्या. देशात २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली. त्या दोन वर्षांतले कोरोनाचे अधिकृत मृत्यू ४ लाख ८१ हजारांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातले जादा मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्यापेक्षा जास्त झालेले, सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला आणि सरकारने ती पद्धत अमान्य केली. वाढलेली प्रत्येक नोंद कोरोनाची नाही, नोंदणीही सुधारत होती. पण २०२१ ची उडी एवढ्यावर भागत नाही.

तुम्ही २०१८ ते २०२२ ची महिनावार मृत्यूनोंद मागा, फक्त संख्या. नावं मागितली की वैयक्तिक माहितीचं कारण पुढे येतं, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कारण आणखी मोठं केलं आहे. ग्रामीण भागासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, शहरासाठी महापालिकेकडे अर्ज करा. वाचताना एक सांभाळा: नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. मिरजेच्या रुग्णालयांत कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातले रुग्ण येतात, कराडलाही आजूबाजूचे येतात. शहराचा आकडा फुगलेला आणि गावाचा रोडावलेला दिसेल. नुसता मिरजेचा आकडा घेऊन पत्रकार परिषद घेणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

माझं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठात बराच काळ पडून आहे. वाट बघण्याशिवाय काय करू? (खटाव तालुका)

लवकर सुनावणीचा अर्ज द्या आणि त्यात अभिलेख नष्ट होण्याची भीती स्पष्ट लिहा. त्याच दिवशी संबंधित कार्यालयाला पोचपावतीसह पत्र द्या की अमुक फाइलीवर अपील प्रलंबित आहे, ती जपून ठेवावी. हे पत्र वकिलाकडून वाचून घ्या. दरम्यान पत्ता किंवा मोबाइल बदलला असेल तर आयोगाला कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली की तुम्ही गैरहजर धरले जाता.