‘दुःख’ आणि आसाचे भोक

‘बुद्धाच्या मते जीवन म्हणजे दुःख, तर मग अर्थपूर्ण जगायचे कसे, आणि येथे दुःखाऐवजी अपूर्णता हा शब्द चालेल काय?’ असे एका वाचकांनी विचारले आहे. शोक, वेदना हे अर्थ सर्वांस ठाऊक असल्याने सोडून देतो. मात्र याच एका शब्दाच्या जोरावर बौद्ध विचार म्हणजे रडगाणे असे जे ठोकून दिले जाते, ते आता ऐकवत नाही.

खरी गंमत ‘ख’ या अक्षरात आहे. ख म्हणजे छिद्र; त्यामागे ‘सु’ म्हणजे चांगले, ‘दुः’ म्हणजे वाईट. ऋग्वेदातील अपालेच्या सूक्तात (८.९१) ‘खे रथस्य खे अनसः खे युगस्य’ असे आले आहे, म्हणजे रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या भोकात. ऋभू या दैवी कारागिरांनी अश्विन या जुळ्या देवांसाठी घडवलेला रथही ऋग्वेदात ‘सुख’ आहे. तेथे सुख हे रथाचे विशेषण आहे, मनाची अवस्था नव्हे. चाकाच्या तुंब्याचे, म्हणजे मधल्या गाभ्याचे, भोक आसावर (चाकाच्या दांड्यावर) नेमके बसले तर रथ सुख. तेच भोक किंचित लंबगोल असेल, तर रस्ता सपाट असला तरी चाकाच्या दर फेऱ्याला हिसका बसतो, आस घासत राहतो, कुरकुर थांबत नाही. तरीही गाडा चालतोच.

मोनियर-विल्यम्स यांचा १८९९ चा संस्कृत-इंग्रजी कोश ‘सुखा’खाली आसाच्या भोकाची नोंद करतो, ‘सुस्थ’ची केवळ शक्यता सांगतो, आणि ‘दुःखा’पाशी येताच ते ‘दुःस्थ’चे (वाईट स्थितीतला) प्राकृत रूप असणे अधिक संभवनीय ठरवतो. जुळ्या भावंडांना दोन घरी दत्तक देण्याचा हा प्रकार मला पटत नाही. धम्मपद या पाली बौद्ध ग्रंथाची पहिलीच गाथा पाहावी: दूषित मनाने वागणाऱ्याच्या मागे दुःख येते, ‘चक्कं व वहतो पदं’, ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावे तसे. उपमा हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, हे मान्य. पण मोह आवरत नाही.

राहिली ‘अपूर्णता’. पाली परंपरा दुःखता तीन प्रकारची मानते: प्रत्यक्ष वेदनेची, सुख पालटण्याची आणि घडलेल्या वस्तुमात्राच्या अस्थैर्याची. तिसरीपुरता हा शब्द कसाबसा चालेल. दाढ ठणकणाऱ्यास मात्र ‘आपल्या जीवनात अपूर्णता आहे’ असे सांगून पाहावे. शिवाय अपूर्ण म्हटले की भर घालण्याची ओढ लागते, आणि दुसरे आर्यसत्य तर तृष्णेलाच दुःखाचे कारण म्हणते. अर्थपूर्ण जगण्याचे उत्तर अष्टांगिक मार्गाच्या आठही अंगांना लागणाऱ्या ‘सम्यक्’मध्ये शोधावे, सम् आणि अञ्च् मिळून त्याचा मूळ अर्थ ‘एका रोखाने जाणारे’ असा होतो. तोवर ‘दुःख’च लिहावे, आणि विसर्ग ‘ख’च्या पुढे न टांगता ‘दु’लाच द्यावा.