मतिमंद, मूढ आणि आपला ‘नाद खुळा’

कोल्हापुरातील एका तालमीच्या गणेशोत्सव समितीत काम करणाऱ्या भगिनींनी असे विचारले आहे की, ‘मतिमंद मुलांच्या हस्ते आरती’ असा मजकूर फलकासाठी तयार झाला असता एका सदस्याने ‘मतिमंद’ खोडून ‘गतिमंद’ लिहिले, दुसऱ्याने ‘दिव्यांग’ सुचवले, आणि तिसऱ्याने ‘एवढीच काळजी असेल तर उद्यापासून नाद खुळा म्हणायचेही बंद करा’ असे सुनावले. तर यांत बरोबर कोण?

माझ्या मते तिघेही चुकले आहेत, मात्र तिघांची चूक वेगवेगळी आहे. ‘मंद’ म्हणजे काय हे येथे सांगत बसत नाही. ‘गतिमंद’ हा ‘मतिमंद’चा सौम्य पर्याय नव्हे. ज्या मुलांचा शिकण्याचा वेग कमी असतो त्यांच्यासाठी शाळांमधून तो वापरला जातो. ‘मतिमंद’ हा शब्द जिच्यासाठी वापरतात ती बौद्धिक अक्षमता ही निराळी अवस्था आहे. तीत आकलन, तर्क आणि शिकणे यांबरोबरच रोजचे व्यवहार सांभाळण्यावरही लक्षणीय मर्यादा असते, आणि ती मर्यादा वाढीच्या वयातच दिसू लागते. मानसिक आजार त्याहूनही वेगळा. तो कोणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. म्हणून ‘वेडा’ हा शब्द तर येथे अपमानकारक असण्याच्या आधीच चुकीचा आहे. या गल्लतीला कायद्याचाही हातभार होता. १९१२ च्या ल्युनसी (म्हणजे वेडेपणाविषयीच्या) कायद्याने ‘इडियट’ आणि मनोरुग्ण यांना एकाच व्याख्येत कोंबले होते, आणि ती गाठ सुटायला १९८७ साल उजाडावे लागले.

‘मतिमंदत्व’ हा शब्द १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ केली आणि त्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ आणली. याच कायद्याच्या कलम ९२ नुसार अशा व्यक्तीचा चारचौघांत, मानहानी करण्याच्या इराद्याने, जाणूनबुजून अपमान करणे हा ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. गंमत अशी की त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, २०१७ साली झालेल्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने आपल्या व्याख्येत जुनाच शब्द पुन्हा लिहून ठेवला. शासनाचा एक हात काय लिहितो ते दुसऱ्या हाताला ठाऊक नसावे, याचा इतका ताजा दाखला शोधूनही मिळायचा नाही.

आता मला ज्याविषयी खरोखर लिहायचे आहे त्या शब्दाकडे येतो. तो शब्द म्हणजे ‘मूढ’. संस्कृतातील ‘मुह्’ या धातूचा अर्थ गोंधळणे, भान हरपणे. त्याला भूतकालवाचक ‘त’ प्रत्यय लावताना पाणिनी (अष्टाध्यायी ८.२.३३) दोन रूपांना मोकळीक देतो. धातूतील ‘ह’ एका वाटेने गेला तर ‘मूढ’ तयार होतो, दुसऱ्या वाटेने गेला तर ‘मुग्ध’. धातू तोच, प्रत्यय तोच, मूळ अर्थही तोच. पण एका भावाला आपण घराबाहेर काढले आणि दुसऱ्याला देव्हाऱ्याजवळ बसवले. मराठी घरांत मुलीचे नाव हौसेने ‘मुग्धा’ ठेवतात, मुलाचे ‘मोहन’ ठेवतात, आणि मोहन म्हणजे तरी कोण, तर जो दुसऱ्याला मूढ करून सोडतो तो! योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पाच भूमी सांगितल्या आहेत. तेथे ‘मूढ’ ही माणसांची जात नसून कोणाच्याही चित्ताला येणारी एक अवस्था आहे. जेवणानंतरच्या व्याख्यानात आपण सगळेच त्या भूमीवर असतो. पुढे मराठीने अवस्थेचे नाव उचलून माणसाच्या कपाळावर चिकटवले. ‘विक्षिप्त’चेही तेच झाले.

उणादिसूत्रे, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी जुनी संस्कृत सूत्रे, ‘मूर्ख’ हा शब्दही याच ‘मुह्’पासून आणतात. परंपरेचा आदर राखून सांगतो, ते ओढूनताणून आणलेले आहे. ‘मूर्च्छा’शी त्याचे नाते अधिक सरळ दिसते. मात्र वेदांमध्ये ‘मूर’ असा एक शब्द मंद, मूढ या अर्थाने येतो आणि काही भाषाशास्त्रज्ञ त्याची सांगड ग्रीक ‘मोरोस’शी (मंद, मूर्ख) घालतात. स्वरांचा हिशेब जुळत नाही अशी कुरकुर इतर करतात. मला विचाराल तर मी सांगड घालणाऱ्यांच्या बाजूचा आहे, कारण तसे असेल तर आपल्या ‘मूर’चा एक दूरचा नातलग थेट अमेरिकेत निघतो. हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये याच ग्रीक शब्दावरून ‘मोरॉन’ हा शब्द घडवला आणि तो शिवी म्हणून नव्हे, तर बुद्धिमापनातील एका वर्गाचे शास्त्रीय नाव म्हणून घडवला. ‘इडियट’ आणि ‘इंबेसाइल’ ही त्याच कोष्टकातील खालच्या पायऱ्यांची नावे होती. ती तिन्ही नावे आज कोठे ऐकू येतात, हे सांगायला नको.

येथे माझा काही विद्वानांशी उघड मतभेद आहे. ‘मतिमंद’ हा शुद्ध संस्कृत, सुसंस्कृत शब्द आहे, पोथ्यांतून कवी स्वतःलाच मतिमंद म्हणवून घेतात, मग तो अपमानकारक कसा, असा युक्तिवाद ही मंडळी मोठ्या ऐटीने करतात. कवी तसे म्हणतात हे खरेच आहे. रघुवंशाच्या आरंभी कालिदासही स्वतःला ‘मंद’ म्हणवतो. पण तो पुढच्याच श्लोकांतून उपमांचा वर्षाव करून ते विशेषण झटकून टाकतो. ज्याला एखादा शब्द हवा तेव्हा अंगावर घेता येतो आणि हवा तेव्हा उतरवता येतो, त्याच्या तोंडी तो विनय असतो. ज्याच्या शाळेच्या दाखल्यापासून प्रमाणपत्रापर्यंत तो शब्द छापलेला आहे, त्याच्यासाठी तो विनय नसतो. राजकीय चर्चांमध्ये प्रतिपक्षाला ‘मतिमंद’ म्हणण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याबद्दल या विद्वानांपैकी कोणी अवाक्षर काढल्याचे माझ्या कानावर आलेले नाही. एखाद्याचे निदान हेच दुसऱ्याला द्यायच्या शिवीचे माप ठरले, की शब्दाचे कुळ कितीही उच्च असो, तो बाटला.

‘मग उद्या बौद्धिक अक्षमता हीही शिवी होईल, बदलून उपयोग काय,’ असे विचारणारे याहून बरे. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी काम करणाऱ्या ‘स्पॅस्टिक्स सोसायटी’ या संस्थेला, शाळकरी मुलांनी ‘स्पॅस्टिक’ या शब्दाची शिवी करून टाकल्यावर, १९९४ मध्ये ‘स्कोप’ हे नाव घ्यावे लागले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जुलैमध्ये चित्रपटांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी निकाल देताना अशाच शब्दांवर बोट ठेवले. नवा शब्दही कधीतरी झिजेल. तोवर ज्यांना तो लावला जातो त्यांच्या वाट्याला काही वर्षे तरी बऱ्या शब्दाची जातील, आणि मला एवढे कारण पुरते.

‘दिव्यांग’बद्दल थोडक्यात सांगतो. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी हा शब्द सुचवला आणि तो कायद्याच्या हिंदी-मराठी नावांत गेला, महाराष्ट्र शासनाच्या २०२२ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र विभागाच्या नावातही गेला, म्हणून सरकारी अर्जात तो लिहावाच लागेल. पण ‘बौद्धिक दिव्यांग’ हा समास सोडवायला बसा. बुद्धीचे दिव्य अंग? अपंगत्वाला दिव्यत्व बहाल केल्याने बसथांब्यावरचा उतार बांधून होत नाही, हा अनेक अपंग कार्यकर्त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. आमच्या कोल्हापुरात ‘अपंगमती’ हा शब्द नावात असलेली एक जुनी, चांगले काम करणारी संस्था आहे. तो शब्द निदान प्रामाणिक होता, कारण अडचण कोठे आहे ते तो सांगत होता. आज मात्र तो नव्याने वापरावा असे मी सुचवणार नाही.

‘नाद खुळा’वर बंदी मागणाऱ्या सदस्यांनी व्याकरण पाहिलेले नाही. त्यात ‘खुळा’ हे विशेषण नादाचे आहे, माणसाचे नाही. नाद असा जबरदस्त की तो नादच खुळा, अशी ती दाद आहे, आणि शाहू स्टेडियमवर चांगला गोल झाल्यावर ती उमटली तर त्यात कोणाचीही मानहानी नाही. मित्राने मित्राला ‘ए खुळ्या’ म्हणणे हेही एकवेळ सोडून द्यावे, कारण त्या मित्राला दुसरे नाव असते आणि तो उलट शिवी देऊ शकतो. गल्लीत ज्याला ‘खुळा’ हे एकच नाव उरलेले असते, त्याचा प्रश्न वेगळा आहे.

फलकावर काय लिहावे? आरती करणाऱ्यांची नावे लिहावीत आणि ते ज्या शाळेतून वा कार्यशाळेतून येतात तिचे नाव द्यावे. अवस्थेचा उल्लेख करणे अगदी गरजेचेच असेल, तर ‘बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती’ असे लिहावे. बोलताना ‘ती मतिमंद आहे’ याऐवजी ‘तिला बौद्धिक अक्षमता आहे’ म्हणावे. ‘तिला दोन भाऊ आहेत’, ‘तिला गाणे येते’ या वाक्यांच्याच रांगेत ते वाक्य बसते, आणि मराठीतील ही ‘-ला’ची सोय फार गुणाची आहे. मात्र ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ हे शब्द टाळावेत. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असणाऱ्या, म्हणजे डाउन सिंड्रोम असलेल्या, माणसाला ग्रहण लागलेले नसते.

फलकावरील मजकुरात मला ‘मतिमंद’इतकाच ‘मुले’ हा शब्द खटकला. माझे असे मत आहे, आणि ते अनेकांना पटत नाही, की या विषयात मराठी जो खरा अपमान करते तो शब्दांत नसून लिंगात आणि वचनात आहे. ‘ते जरा खुळं हाय’, ‘ते येडं कुठं गेलं’ ही वाक्ये पाहा. आमची बोली लिंगाच्या बाबतीत एरवी मोठी उदार आहे. कोल्हापूरच्या बायका बिनदिक्कत ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पण येथे ती पुरुषाला पुल्लिंग देत नाही, स्त्रीला स्त्रीलिंग देत नाही, आणि आदरार्थी बहुवचनाचा तर प्रश्नच येत नाही. चाळिशीतल्या, कानशिलावर केस पिकलेल्या गृहस्थाला सारी गल्ली ‘अरे’ म्हणते, आणि वृत्तपत्रे त्याची गणना ‘मुलां’त करतात. कायदा तसे करत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या अशा व्यक्तीसाठी पालक हवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, जन्मदात्यांनासुद्धा.

यावर व्याकरणाचे काही जाणकार मला ऐकवतात की, नपुंसकलिंग हे मायेचेही लिंग आहे. लेकरू, पोरगं, वासरू, पाखरू हे शब्द पाहा, त्यांत कोठे अवहेलना आहे? अवहेलना नाही, हे मान्य. परंतु लेकरू मोठे होते आणि एक दिवस भाषा त्याला ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणू लागते, पुढे नोकरी-संसार लागला की ‘अहो’ही म्हणते. ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत त्यांच्या बाबतीत भाषा ‘ते’वरच थांबून राहते, आणि या थांबण्याचे नाव माया आहे, हे त्या जाणकारांनी सिद्ध करून दाखवावे.