देवखोलीत मन लागत नाही

प्रश्न: सासूबाई गेल्यापासून घरातली देवपूजा माझ्याकडे आली. फोंड्याहून पणजीची बस पकडायच्या घाईत गंध उगाळते, फुले वाहते, डोक्यात मात्र ऑफिस. यजमान तेव्हा पेपर वाचत असतात. पूजेने शांत वाटण्याऐवजी चिडचिड होते आणि मग अपराधी वाटते. रात्री झोपही धड लागत नाही. पूजा कमी केली तर चालेल का?

उत्तर: ताई, चालेल. सासूबाईंची पूजा त्यांच्या दिवसात बसत होती. तुमच्या सकाळी बस आहे. तेच सगळे त्याच वेळी उरकायला गेलात तर ती हजेरीपटावरची सही होणार.

देव कोपेल ही भीती तर गोव्यात कुणी बाळगूच नये. १५६०च्या दशकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणावा लागला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. देऊळ, गाव मागे राहिले. जमेल तेवढ्यावर लोकांनी पूजा चालू ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

सकाळी नुसते हात जोडा आणि निघा. दिवेलागण मात्र तुमची. घरी आल्यावर हातपाय धुवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. समईत तेल घाला, वात स्वतःच्या बोटांनी वळा, एक दिवा तुळशीपाशी नेऊन ठेवा. शुभंकरोति मोठ्याने म्हणा, पुटपुटू नका. आवाज ऐकू आला की मन मागोमाग येते. मग तिथेच थोडा वेळ बसा. मन ऑफिसात गेले तर जाऊ दे. ते शांत झाले का, हे मात्र तपासू नका, कारण तपासणी चालू असेपर्यंत ते स्थिर होतच नाही. सुरुवातीला काहीच वाटणार नाही, तरी दिवा लावा. एखाद्या सोमवारी मंगेशीच्या पालखीलाही जाऊन या. तिथे तुमच्यावर कसलीच जबाबदारी नसते.

झोपेचे दुखणे दिव्यावर सोडू नका. सासूबाईंच्या जाण्याचे दुःखही त्यात असेल. दोनेक आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना भेटा; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

आणि सकाळचे गंध-फूल यजमानांकडे सोपवा. देव त्यांच्या आईचे आहेत. रागाने नको, पण याच आठवड्यात त्यांना सांगा.